डबडं झालेला लॅपटॉप, एक एसएसडी आणि मावशीचे फोटो

आजचा भाग तुम्ही मेट्रोत उभं राहून ऐकताय, रिक्षात ऐकताय की घरी भांडी घासताना, ते मला माहीत नाही, पण एक गोष्ट माहीत आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कपाटाच्या वर, नाहीतर पलंगाखाली, एक जुना लॅपटॉप पडलेला आहे. चालू होतो, पण वापरवत नाही. बटण दाबायचं, चहा टाकायचा, चहा पिऊन कप विसळायचा, मग कुठे तो उठतो. घरात सगळे त्याला ‘डबडं’ म्हणतात.

आज त्या डबड्याबद्दल बोलायचंय. त्यात एक एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, बसवली की तो परत कामाचा कसा होतो, ते सांगते. आणि हे करताना मी एक मोठी चूक केली, तीही सांगते. खरं तर त्या चुकीसाठीच हा भाग करतेय.

वेसाव्यातला लॅपटॉप

माझी मावशी वर्सोव्याला राहते, कोळीवाड्यात. आम्ही घरचे वेसावाच म्हणतो. तिच्याकडे २०१५ साली घेतलेला लॅपटॉप होता. आय थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. माझी मावसबहीण बी.कॉम. करत होती. तिचं बाकी सगळं फोनवर चालायचं, लेक्चर, फॉर्म, पेमेंट, सगळं. पण टॅली आणि मोठ्या एक्सेल शीट फोनवर कुठे होणार? त्याला लॅपटॉपच लागतो.

२०२४ च्या पावसाळ्यात तिचा मला फोन आला. “ताई, दुकानात दाखवला. ते म्हणाले, यात काही राम नाही, नवा घ्या.” नवा म्हणजे चाळीस हजारांच्या घरात. मावशी म्हणाली, “एवढे पैसे आत्ता कुठून आणू? पावसाळ्यात होड्या बंद असतात.”

मी गेले रविवारी. लॅपटॉप सुरू केला आणि फोनवर स्टॉपवॉच लावलं. बटण दाबल्यापासून एक्सेलची फाइल उघडेपर्यंत ६ मिनिटं ४० सेकंद! मग टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर १५-२० टक्क्यांवर निवांत. आणि डिस्क? १०० टक्के. काहीही करत नसताना १०० टक्के. म्हणजे रोग कुठे आहे, ते दिसलं.

तुम्हीही आधी हेच बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. डिस्कचा आकडा सतत ९०-१०० वर असेल आणि मशीनमध्ये हार्ड डिस्क असेल, तर एसएसडीने फरक पडणार. प्रोसेसरच १०० वर असेल, तर फार नाही. मेमरी भरलेली असेल, तर आधी रॅमचा विचार करा. तपासल्याशिवाय पैसे घालू नका.

हार्ड डिस्क हळू का असते?

तुमच्या खिशातल्या फोनमध्ये फिरणारं काहीच नसतं. त्यात फ्लॅश मेमरीची चिप असते. म्हणून ॲपवर बोट ठेवलं की ते उघडतं. जुन्या लॅपटॉपमध्ये मात्र खरोखरची चकती असते. गुळगुळीत, आरशासारखी, आणि ती मिनिटाला ५४०० वेळा फिरते. तिच्यावर एक छोटा हात मागेपुढे सरकतो आणि त्याच्या टोकाचा हेड माहिती वाचतो. हेड चकतीला टेकत नाही, काही नॅनोमीटरवर तरंगतो. आपल्या डोक्याचा केस त्याच्यासमोर डोंगर आहे, कारण केसाची जाडी काही दहा हजार नॅनोमीटर असते.

आता गणित करू. मिनिटाला ५४०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी तो हात योग्य पट्ट्यावर न्यायला आणखी दहाएक मिलिसेकंद. म्हणजे एक बारीकसा तुकडा वाचायला पंधरा मिलिसेकंद. सेकंदाला साठ-सत्तर तुकडे. बस, एवढंच.

तुम्ही म्हणाल, सत्तर काय वाईट आहे? अहो, विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइल्स वाचतं आणि त्या चकतीवर इकडेतिकडे पसरलेल्या असतात. बाजारात जा आणि बोंबील एका टोकाला, कोलंबी दुसऱ्या टोकाला, कोथिंबीर रस्त्यापलीकडे, असं घेऊन या. घ्यायला दोन मिनिटं, चालायला अर्धा तास. हार्ड डिस्कचा वेळ असाच चालण्यात जातो.

एसएसडीत चालणं नाहीच. सगळं चिपमध्ये, विजेने वाचायचं. तोच तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहून लवकर मिळतो. सेकंदाला सत्तरऐवजी हजारो. म्हणून जुना प्रोसेसर तोच राहूनही मशीन एकदम जागं झाल्यासारखं वाटतं.

थोडा इतिहास सांगते, कारण मला तो आवडतो. पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली आणली, रॅमॅक नावाच्या कॉम्प्युटरबरोबर. २४ इंच रुंदीच्या ५० चकत्या, कपाटाएवढं धूड, आणि त्यात मावायचं काय? ५० लाख अक्षरं. म्हणजे आज तुमच्या फोनमधला एखादा फोटो. फ्लॅश मेमरी जपानमध्ये तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली. आज एसएसडीत, पेन ड्राइव्हमध्ये, फोनमध्ये जी असते ती नँड फ्लॅश, ती त्यांच्या टीमने १९८७ साली मांडली. आणि २००१ चा पहिला आयपॉड आठवतोय का कुणाला? त्यात चक्क ५ जीबीची छोटी हार्ड डिस्क फिरायची. खिशात!

लॅमिंग्टन रोडची फेरी

आता खरेदी. मुंबईत कॉम्प्युटरचा माल म्हणजे लॅमिंग्टन रोड. पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव घेऊन पत्ता विचारलात तर लोक तुमच्याच तोंडाकडे बघतील. आम्ही वर्सोव्याहून मेट्रो घेतली, अंधेरीला उतरून चर्चगेट लोकल पकडली, ग्रँट रोडला उतरलो आणि पूर्वेला बाहेर पडलो. ऑनलाइनही मिळते, पण बहिणीला हातात घेऊन बघायची होती.

जायच्या आधी एक काम करा. लॅपटॉपचा मॉडेल नंबर, जो खालच्या स्टिकरवर असतो, त्याचा फोटो काढा आणि त्यात कोणती ड्राइव्ह बसते ते शोधा. प्रकार तीन आहेत. पहिला, अडीच इंची साटा. पत्त्याच्या कॅटएवढी चपटी डबी. २०१०-२०१७ च्या बहुतेक लॅपटॉपमध्ये हीच बसते. वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत, कारण साटाच्या वायरीची मर्यादाच तेवढी. दुसरा, एम डॉट टू आकाराची साटा, च्युइंगमच्या पट्टीसारखी. तिसरा, तशीच दिसणारी पण एनव्हीएमई, कितीतरी जास्त वेगवान. दुसरी आणि तिसरी दिसायला जुळ्या बहिणी आहेत, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. घरी आणल्यावर कळलं, तर परत फेरी.

आमच्या लॅपटॉपला अडीच इंची साटा लागायची. ५०० जीबीच्या जुन्या डिस्कवर वापरलेली जागा १५० जीबीच होती, म्हणून आम्ही २४० जीबीची घेतली. पक्कं बिल घेतलं आणि बॉक्सवरचा सीरियल नंबर बिलावर लिहून घेतला. वॉरंटीला ते लागतं. किमती दर महिन्याला हलतात, म्हणून आकडा सांगत नाही, पण नव्या लॅपटॉपपुढे तो फार लहान होता.

आणि हो, ‘१६ टीबी एसएसडी, फक्त ९९९ रुपये’ असल्या जाहिरातींना भुलू नका. आत स्वस्तातलं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि कॉम्प्युटरला खोटी साइज दाखवायला शिकवलेलं असतं. तुम्ही फाइल्स टाकत जाता, तो हो हो म्हणतो आणि जुन्या फाइल्सवरच नव्या लिहितो. कळतं तेव्हा सगळं गेलेलं असतं.

माझी चूक

आता मुद्द्याचं. घरी आलो, मी एकदम जोशात. मावशी म्हणाली, “अगं, त्यात काकांचे फोटो आहेत हो. नीट कर.”

काका म्हणजे मावशीचे यजमान. २०१९ मध्ये गेले. त्यांच्या होडीचे, नारळी पौर्णिमेचे, बहिणीच्या शाळेतले, सगळे फोटो आणि व्हिडिओ त्याच लॅपटॉपवर. फोन बदलताना बहीण सगळं त्यात टाकून ठेवायची. दुसरी कॉपी कुठेच नाही.

मी म्हटलं, “काळजी करू नकोस, क्लोन करतेय. म्हणजे सगळं जसंच्या तसं नव्यात जाणार.” क्लोन म्हणजे जुन्या ड्राइव्हची हुबेहूब नक्कल. त्यासाठी साटा टू यूएसबी केबल मिळते, क्लोनझिलासारखं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. मी लावलं आणि आम्ही जेवायला बसलो.

जेवण झालं तरी ६३ टक्के. तासाभराने ६३ टक्के. आणि मग लॅपटॉपमधून आवाज यायला लागला. टक... टक... टक. थोडं थांबून परत टक टक. माझ्या पोटात गोळा आला. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे.

मी थांबवलं. मग, म्हणजे सगळ्यात आधी जे करायला हवं होतं ते सगळ्यात शेवटी, डिस्कची तब्येत बघितली. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. हार्ड डिस्क स्वतःची नोंद ठेवत असते, किती जागा खराब झाल्या, किती वाचता येत नाहीत. ती नोंद हे सॉफ्टवेअर दाखवतं. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध राहा, लाल म्हणजे पळा. आमचा पिवळा होता. ‘पेंडिंग सेक्टर’ दीडशेच्या वर. म्हणजे लॅपटॉप जुना झाला म्हणून नुसता हळू नव्हता, त्याची डिस्क मरायला टेकली होती. आणि अशा आजारी डिस्कला मी काय करायला लावलं? पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं वाचायला! ज्यात विंडोजच्या नको असलेल्या फाइल्स होत्या, जुने अपडेट होते, सगळा कचरा होता. तिच्यात जेवढा दम उरला होता, तो मी कचरा वाचण्यात घालवत होते. काकांचे फोटो रांगेत मागे उभे.

मावशी दारात उभी होती. काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

लॅपटॉप बंद केला आणि तासभर थंड होऊ दिला. शेजारच्या दादाची एक्स्टर्नल डिस्क आणली. मग फक्त फोटोंचं फोल्डर घेतलं, तेही एकदम नाही. आधी काकांचे, मग शाळेतले, मग बाकीचे. एखाद्या फाइलला अडकलं की ‘स्किप’ करायचं आणि पुढे जायचं, हट्ट नाही करायचा. रात्री दीड वाजता संपलं. ३८ जीबीपैकी ११ फाइल्स नाही आल्या. अकराच. पण त्यात एक व्हिडिओ होता, काकांचा शेवटच्या नारळी पौर्णिमेचा, ज्यात ते गातात.

तो व्हिडिओ नंतर मिळाला. काकांच्या एका मित्राच्या फोनवर, तेव्हा व्हॉट्सॲपवर पाठवलेला. धुरकट, छोटा, चेहरा नीट दिसत नाही. मावशी म्हणाली, “आवाज तर त्यांचाच आहे ना.” नशीब आमचं. पण नशिबावर विसंबून कुणाच्या लॅपटॉपला हात लावायचा नसतो, हे मी त्या रात्री शिकले.

मग बरोबर क्रम कोणता?

लिहून घ्या, नाहीतर या पानाचा स्क्रीनशॉट काढा.

एक. आधी डिस्कची तब्येत बघा. पिवळं किंवा लाल असेल, तर क्लोन विसरा.

दोन. जे परत मिळणार नाही ते आधी कॉपी करा. फोटो, व्हिडिओ, मार्कशीट, हिशेब. विंडोज परत डाउनलोड होतं, माणसांचे फोटो होत नाहीत. एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा दुसऱ्याच्या घरी. आणि कॉपी झाली म्हणजे झालं नाही, चारदोन फाइल्स उघडून बघा. डिस्क टक टक करत असेल आणि आतलं खूपच मोलाचं असेल, तर स्वतः काहीच करू नका. बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. दर वेळी चालू केली की ती आणखी बिघडते.

तीन. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का, बघा. असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. नाहीतर स्वतःच्याच घराबाहेर उभं राहाल.

चार. डिस्क धडधाकट असेल तर क्लोन करा, पण कोणती ड्राइव्ह ‘सोर्स’ आणि कोणती ‘टार्गेट’, हे दोनदा वाचा. उलटं झालं तर रिकाम्या ड्राइव्हची नक्कल भरलेल्या ड्राइव्हवर होते. काहीच उरत नाही. डिस्क आजारी असेल किंवा आत खूप कचरा असेल, तर नव्या ड्राइव्हवर ताजं विंडोज टाका. लायसन्स मूळ असेल तर ते सहसा मदरबोर्डशी जोडलेलं असतं. तीच आवृत्ती टाकली की नेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

पाच. बसवणं. हे सगळ्यात सोपं आहे. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला, बॅटरी निघत असेल तर तीही काढलेली. हात एखाद्या धातूला लावा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज जाते. खालचे स्क्रू काढा आणि ते ज्या जागचे, त्याच क्रमाने कागदावर सेलोटेपने चिकटवा, कारण लांबी वेगवेगळी असते. जुनी डिस्क सरकवून काढा, तिची पत्र्याची चौकट नव्या ड्राइव्हला लावा, सरळ आत सरकवा. जोर लागला तर थांबा, काहीतरी वाकडं आहे. माझ्या बहिणीने स्वतः केलं, वीस मिनिटांत. समुद्राकाठी राहत असाल तर तिथल्या खाऱ्या हवेचा गंज बघा. आमचे दोन स्क्रू गंजून बसले होते. घाई केली की स्क्रूचं डोकं झिजतं, मग बसा.

सहा. चालू केल्यावर विंडोजमध्ये ‘डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ उघडा. तिथे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ असं दिसलं पाहिजे. एसएसडीला जुन्या पद्धतीचं डिफ्रॅग करायची गरज नसते. विंडोज तिला फक्त रिकाम्या जागा कळवत राहतं.

फरक काय पडला?

स्टॉपवॉच परत लावलं. बटण दाबल्यापासून एक्सेलची फाइल उघडेपर्यंत ३४ सेकंद. बहीण ओरडलीच. मावशी म्हणाली, “एवढुशा डबीने?”

पण खोटं नाही सांगणार. एसएसडी जादू नाही. व्हिडिओ एडिटिंग जुन्या प्रोसेसरवर रडतच होणार. ४ जीबी रॅमवर क्रोमचे वीस टॅब उघडले तर मशीन अडकणारच. आम्ही महिन्याभराने रॅम ८ जीबी केली. आणि विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालेत. वर्षभराची वाढीव सोय आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, नावनोंदणी केली तर. साधारण २०१७ च्या आधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणून टॅलीसारखं विंडोजचं सॉफ्टवेअर लागत नसेल, तर लिनक्स मिंट टाकून बघा. फुकट आहे, मराठी टायपिंग होतं, आणि एसएसडीवर छान पळतं.

दुसरी गोष्ट. हार्ड डिस्क बरेचदा टक टक करून सांगते तरी. एसएसडी अनेकदा न सांगता एका सकाळी गप्प होते, आणि तिच्यातून डेटा परत काढणं जास्त अवघड. म्हणजे एसएसडी बसवली म्हणून बॅकअप संपला नाही, उलट आणखी गरजेचा झाला.

जुनी डिस्क चांगली असेल तर महिनाभर तशीच ठेवा. सगळं नीट आलंय याची खात्री झाली की यूएसबी कव्हरमध्ये घालून बॅकअपला वापरा. मेलेली असेल तर भंगारवाल्याला नुसती देऊ नका. आत तुमचं आधार, पॅन, सगळं आहे. ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रातच द्या. देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वर्सोव्याच्या किनाऱ्याची सफाई २०१५ मध्ये अफरोज शहा यांनी सुरू केली, ती जगभर गाजली. त्या वाळूतून काय काय निघालं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. एक लॅपटॉप आणखी चार वर्षं चालवणं म्हणजे तेवढा कचरा चार वर्षं पुढे ढकलणं.

बहिणीचं बी.कॉम. झालं. ती त्याच लॅपटॉपवर आता दोन दुकानांचे हिशेब लिहिते. काकांच्या फोटोंच्या तीन कॉप्या आहेत, त्यातली एक माझ्या घरी. दर नारळी पौर्णिमेला मी ती डिस्क लावून बघते, चालते ना म्हणून.

तर आज घरी गेलात की लगेच स्क्रू ड्रायव्हर शोधू नका. आधी फक्त एक फोल्डर कॉपी करा. ज्यातली माणसं परत भेटणार नाहीत, ते. बाकीचं रविवारी.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या!